भिगवणला आम्ही पाहिले ते फ्लेमिंगो नव्हतेच?

निवांत_कोथरूड | २२ डिसेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

काल घरचे चौघं भिगवणला जाऊन आलो. मी, नवरा, सासरे (वय ७४, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी) आणि नऊ वर्षांचे चिरंजीव. एका ग्रुपबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही. मेसेजमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "फ्लेमिंगो गॅरंटी". पहाटे साडेचारला निघालो, पोहोचलो, होडीत बसलो. होडीत आम्ही दहा जण, त्यातल्या तिघांचे मोबाइल स्पीकरवर. थोडं आत गेल्यावर आयोजक उभे राहून ओरडले, "ते बघा फ्लेमिंगो!" काठावर सात-आठ उंच पक्षी होते. पांढरे, मागे गुलाबी. सगळ्यांनी फोटो काढले, नवऱ्याने स्टेटसही टाकलं.

घरी आल्यावर चिरंजीवांनी शाळेतला तक्ता काढला आणि म्हणाले, "आई, ह्यांची चोच सरळ आहे. फ्लेमिंगोची तर वाकडी असते." तेव्हापासून घरात शांतता आहे.

तर प्रश्न असे: आम्ही पाहिलं ते काय होतं? फ्लेमिंगो नक्की कधी येतात? आणि सासऱ्यांना फार चालावं लागणार नाही असं पुण्याच्या जवळ काय आहे? फोटो जोडलाय, हललाय जरा.

---

सदाशिवपेठी | २२ डिसेंबर, रात्री ११.०५

गॅरंटी होती म्हणताय, तर वॉरंटी कार्ड दाखवून बदलून घ्या.

---

पाणकावळा | २३ डिसेंबर, सकाळी ६.५०

तुमचे चिरंजीव बरोबर आहेत, त्यांना माझ्यातर्फे एक शाबासकी. फोटोतले चित्रबलाक आहेत, म्हणजे पेंटेड स्टॉर्क. तुम्हाला जे गुलाबी दिसलं ते शेपटीजवळ पाठीवर झुकलेली पिसं आहेत. चित्रबलाकाची चोच लांब, पिवळी, टोकाशी किंचित खाली वळलेली असते आणि डोकं उघडं, नारिंगी. छातीवर काळा-पांढरा पट्टा असतो, तो तुमच्या फोटोत हललेला असला तरी दिसतोय. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित. त्याची चोच मध्यावर मोडल्यासारखी वाकलेली असते. मान इतकी लांब आणि बारीक की दुरून पाण्यात कोणी प्रश्नचिन्हं रोवून ठेवलीत असं वाटतं.

चित्रबलाक काही कमी प्रतीचा पक्षी नाही बरं का. तो बाराही महिने आपलाच. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावात झाडांवर त्यांची घरट्यांची वसाहत आहे. तुमच्या आयोजकांनी खरं नाव सांगितलं असतं तरी सहल वसूल होती.

आता रोहित कधी येतात ते. भिगवणचं पाणी म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. इथे लोक कॅलेंडर बघतात, बघायला हवी धरणाची पातळी. रोहित पोहून नाही, पाण्यात उभा राहून खातो. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि चिखलपाणी गाळून त्यातलं शेवाळ, बारीक कोळंबीसारखे जीव खातो. त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. म्हणून त्याला लागतं उथळ पाणी आणि खाली मऊ गाळ. पाऊस चांगला झाला की डिसेंबरात उजनी काठोकाठ असते. गाळाचे सपाट पट्टे सगळे पाण्याखाली. तो उतरणार कुठे? शेतीच्या पाण्याची आवर्तनं सुटायला लागली, पाणी मागे सरकलं, की जानेवारी-फेब्रुवारीपासून थवे दिसायला लागतात आणि पुढे उन्हाळ्यातही रेंगाळतात. धरण भरलेल्या वर्षी उशिरा, दुष्काळी वर्षी लवकर. तेव्हा डिसेंबरात गॅरंटी देणाऱ्याला एक तर पक्षी माहीत नाहीत, नाहीतर धरण.

---

निवांत_कोथरूड | २३ डिसेंबर, सकाळी ९.१५

खूप खूप आभार! चिरंजीवांना प्रतिसाद वाचून दाखवला, ते आता घरात कोणाशी बोलत नाहीयेत, इतके मोठे झालेत. नवऱ्याने स्टेटस काढून टाकलं.

---

भीमाकाठ | २३ डिसेंबर, दुपारी १.३०

मी इंदापूर तालुक्यातला, नोकरीनिमित्त हडपसरला. पाणकावळा यांनी सांगितलं ते अगदी खरं. आमच्याकडे उजनीचं पाणी मोजायची भाषाच वेगळी. धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), पण त्यातला ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पाणी त्याच्या खाली गेलं की आमच्याकडे म्हणतात, "उजनी मायनसमध्ये गेली." शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि तेव्हाच काठाला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. एकाच बातमीने एक घर रडतं, एक हसतं.

पाणी मागे गेलं की जी गाळाची जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. कोणी तिथं कलिंगड लावतो, कोणी चारा. पक्षी, माणूस, जनावर सगळे त्या एकाच ओल्या पट्ट्यावर.

अजून एक. आमच्या आजीचं माहेर जुनं पळसदेव. १९८० साली धरण पुरं झालं, त्यात गाव गेलं. पळसनाथाचं जुनं देऊळ अजून पाण्यात आहे, पाणी फार खाली गेलं की शिखर आणि मग सगळं देऊळ बाहेर येतं. एका वर्षी आजीला घेऊन गेलो होतो. लोक देवळाचे आणि पक्ष्यांचे फोटो काढत होते. आजी काठावर उभी राहून वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होती, "तिथं आमचा चिंचेचा पार हुता." तिथं पाण्यावर वारकरी पोहत होते. पक्षी म्हणतोय मी, काळा, कपाळावर पांढरा टिळा असतो तो. आजीला नाव सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "बरोबर हाय की, हेच पाणी फुडं पंढरपुराला जातंय."

---

सदाशिवपेठी | २३ डिसेंबर, दुपारी २.१०

वरचा प्रतिसाद आवडला. एरवी मी असं म्हणत नाही, नोंद घ्यावी.

---

रानभूल | २३ डिसेंबर, रात्री ९.००

सासऱ्यांसाठी जवळची ठिकाणं विचारलीत, माझे पैसे कवडीवर. सोलापूर रस्त्याने हडपसर सोडलं की लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट टोलनाका लागतो. तिथून डावीकडे आत नदीवर जुना बंधारा आहे. गाडी जवळपर्यंत जाते, घडीची खुर्ची टाकून बसायचं. हिवाळ्याच्या सकाळी तिथे केशरी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने, लाल काड्यांवर चालल्यासारखे शेकाट्या, बंधाऱ्यावर शेपटी हलवत फिरणारे धोबी, पाण्यावर सूर मारणारे नदीसुरय. होडी नाही, तिकीट नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. नाकाला रुमाल न्या. ती मुळा-मुठा आहे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मोऱ्या आणि बेसिनं. बंधाऱ्याच्या खाली फेस, झाडांच्या मुळांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्याची गाठोडी. मी एकदा पाहिलं, एक धोबी थर्माकोलच्या तुकड्यावर बसून वाहत चालला होता आणि वाटेत किडे टिपत होता. हसावं की काय करावं कळेना. हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसला भीमेला मिळतं आणि उजनीत जातं. म्हणजे तुम्ही कोथरूडात भांडी घासता ते पाणीही भिगवणला जातं, तेही गॅरंटीने.

पाषाण तलाव आणि येरवड्याचं डॉ. सालिम अली अभयारण्य ही शहरातली ठिकाणं. जलपर्णी किती माजलीय त्यावर सगळं अवलंबून, त्यामुळे आधी कोणाला तरी विचारून जा.

---

आठ_बाय_बेचाळीस | २४ डिसेंबर, सकाळी ८.२०

दुर्बिणीबद्दल कोणी विचारलं नाहीये, तरी सांगतो, नावाला जागायला हवं. पहिली दुर्बीण घेताना लोक १०×५० च्या मागे लागतात, मोठा आकडा म्हणून. होडीत दहापट म्हणजे हाताची थरथरही दहापट. ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वजनाला हलकी, नजरेचा पट्टा रुंद, सासऱ्यांच्या गळ्यात दुखणार नाही. चष्मा असेल तर डोळ्यापाशी फिरवून आत ढकलता येणारे रबरी कप बघून घ्या.

आणि मुलाला कॅमेरा देऊ नका, वही द्या. फोटो काढला की बघणं थांबतं. वहीत चोच काढायची तर चोच बघावी लागते.

---

क्लिकक्लिक | २४ डिसेंबर, सकाळी ११.४५

शेवटच्या वाक्याला तीव्र आक्षेप. फोटोमुळेच तर वर पक्षी ओळखता आला.

बाकी निवांत_कोथरूड, फेब्रुवारीत जाल तेव्हा होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा, थव्याच्या जवळ नेऊन एकदा उडवायला. बसलेला रोहित म्हणजे फिकट पांढरा-गुलाबी, खरा रंग पंखात आहे. लालभडक पंख, काळी किनार. उगाच त्याला अग्निपंख म्हणत नाहीत. उडताना पाहिला नाही तर काय पाहिलं?

---

रानभूल | २४ डिसेंबर, दुपारी १२.१०

हे वाचून डोकं फिरलं. "एकदा उडवायला" म्हणे. रविवारी पंचवीस होड्या असतील तर पंचवीस वेळा. सकाळचे तीन-चार तास हा त्यांच्या खाण्याचा वेळ आणि तोच तुमच्या "लाइट"चा वेळ. उडाले की परत उतरायला जागा शोधा, घाबरत खा, पुन्हा उडा.

पट्टकादंबांचं तर विचारूच नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा राखाडी हंस मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवून माग काढला तेव्हा ७,२९० मीटर उंचीवरून उडाल्याची नोंद मिळाली. मार्चच्या सुमारास त्याला तेच परत करायचंय, अंगावरच्या चरबीच्या जोरावर. ती चरबी तुमच्या स्टेटससाठी जाळायची का?

---

क्लिकक्लिक | २४ डिसेंबर, दुपारी १२.४०

ताई, चिडू नका. मी काही दगड मारत नाही. कुत्री हुसकतात, घार आली तरी उडतातच. दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) वरून गेला की वारकऱ्यांचा सगळा थवा एका जागी गोळा होतो, ते निसर्गाचं आणि होडी आली की अत्याचार? आणि पर्यटक फोटोसाठीच येतात, त्यावर तिथल्या लोकांची चूल पेटते.

---

भीमाकाठ | २४ डिसेंबर, संध्याकाळी ७.००

चुलीचं काढलंत म्हणून बोलतो. कुंभारगाव, डिकसळ भागातले होडीवाले मुळात मासेमारी करणारे. पक्षी कुठे बसतो, कधी उठतो हे त्यांना पुस्तक न वाचता माहीत. माझा एक लांबचा भाऊ होडी चालवतो. तो म्हणतो, "आम्हाला काय हौस हाय का उडवायची? गिऱ्हाइक म्हणतं जवळ घ्या. नाय म्हटलं तर फुडच्या येळंला दुसऱ्याच्या होडीत बसतं." म्हणजे उडवतो कोण, होडीवाला की होडीत बसलेला?

आणि लोक अभयारण्य अभयारण्य म्हणतात, पण भिगवण कायद्याने जाहीर झालेलं अभयारण्य नाही. पाणी धरणाचं, काठ शेतकऱ्याचा, मासे ठेकेदाराचे. तिथे शिट्टी वाजवणारा गार्ड नाही. जे काही आहे ते होडीत बसलेल्यांच्या अकलेवर. कुत्र्याचं म्हणाल तर कुत्रं भूक लागली म्हणून धावतं.

---

सदाशिवपेठी | २४ डिसेंबर, संध्याकाळी ७.३०

एकाच धाग्यात दुसऱ्यांदा. माझी तब्येत बरी नसावी.

---

पाणकावळा | २५ डिसेंबर, सकाळी ७.१५

शिट्टीवाला गार्ड हवा असेल तर नांदूर मध्यमेश्वरला जा. नाशिक जिल्हा, निफाड तालुका, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर १९०७ ते १९१३ मध्ये बांधलेला बंधारा. वर्षानुवर्षं गाळ साचून उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या. धरण बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते, उजनीतही नव्हते. १९८६ ला अभयारण्य झालं आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, तिथून बघायचं. फक्त पुण्याहून एका दिवसात जाऊन येणं ज्येष्ठांना झेपणार नाही, मुक्काम धरा.

क्लिकक्लिक, तुमच्याशी भांडण नाही. एक करून बघा. होडी थव्यापासून लांब थांबवायची, वल्हं आत घ्यायचं आणि अर्धा तास काही करायचं नाही. थापट्या बदकं एकमेकांमागे गोल गोल फिरत पाणी घुसळतात आणि फावड्यासारख्या चोचीने वर आलेलं खातात, ते बघत बसा. हळदी-कुंकू बदक बघा, चोचीच्या बुडाशी लाल ठिपके, टोकाला पिवळं, जणू सवाष्णीने बोटं पुसली. उडण्याचं म्हणाल, तर मी काही बोलत नाही. बसून बघा.

---

निवांत_कोथरूड | १४ जानेवारी, दुपारी ४.००

धागा वर काढतेय. सर्वांना तिळगूळ घ्या, गोड बोला (रानभूल आणि क्लिकक्लिक, दोघांनी दोन-दोन घ्या).

कवडीला जाऊन आलो. वास खरंच आहे. सासऱ्यांनी घडीच्या खुर्चीत बसून दोन तास चक्रवाकांची एक जोडी पाहिली, बाकी काही पाहिलंच नाही. घरी येताना म्हणाले, "संस्कृतच्या पेपरात ह्यांचा विरह लिहून मार्क मिळवले होते, रात्री वेगळे होतात म्हणे. हे तर एकमेकांना सोडायला तयार नाहीत." चिरंजीवांच्या वहीत १७ पक्षी झाले, त्यातला एक "कावळा (साधा)".

---

आठ_बाय_बेचाळीस | १४ जानेवारी, दुपारी ४.२५

कावळा धरतात. मीही धरतो.

---

निवांत_कोथरूड | ११ मार्च, रात्री ९.५०

शेवटचा वृत्तान्त, जरा मोठा आहे.

भीमाकाठ यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) त्यांच्या होडीवाल्या भावाचा नंबर दिला होता. त्यांनीच दोनदा फोनवर थांबवलं. "वहिनी, पाणी उतरल्याबिगर येऊ नका, उगं हेलपाटा हुईल." परवा मंगळवारी या म्हणाले. मुद्दाम आडदिवस, शाळेला दांडी (बाईंना वही दाखवायच्या अटीवर परवानगी मिळाली).

सूर्य उगवत होता तेव्हा आम्ही पाण्यात. होडीत आम्ही चौघं आणि दादा. काठाला डिसेंबरात जिथे पाणी होतं तिथे आता भेगा पडलेला गाळ. वाटेत वाळक्या खुंटावर कैकर बसला होता, पंजात मासा. दादांनी होडी लांबून वळवून घेतली.

आणि मग रोहित. दीडएकशे तरी असतील. आधी फक्त रेघ दिसली, पाण्यावर फिकट गुलाबी रेघ. दादांनी आपणहून विचारलं, "जवळ घेऊ का?" नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी सासऱ्यांकडे. सासरे म्हणाले, "नको. इथंच थांबवा." दादांनी वल्हं आत घेतलं आणि तंबाखू काढली. एवढ्या लांबूनही आवाज ऐकू येत होता. बदकांच्या कळपासारखा, गळ्यातल्या गळ्यात, अखंड. सगळ्यांची डोकी खाली, पाय जागच्या जागी चिखल तुडवत, एखाद्या बाईने गोधडी तुडवून धुवावी तसे. मध्येच काही राखाडी, मळकट पिल्लं, त्यांना रंग चढायचा होता.

दुसऱ्या बाजूने एक होडी आली, त्यात मोठमोठ्या लेन्स. ती सरळ आत घुसायला लागली तसे रोहितांनी माना वर केल्या आणि चालायला लागले. खाणं सगळ्यांचं एकदम बंद. आमच्या दादांनी उभं राहून हात केला, काहीतरी ओरडले. ती होडी थांबली. का थांबली माहीत नाही, ओळखीचा असावा.

पुढची वीस मिनिटं काही झालं नाही. चिरंजीव चुळबुळले, बिस्किटं खाल्ली. मग पुन्हा डोकी खाली गेली. आणि थव्याच्या कडेला एकाने, उभ्या उभ्या, मान ताठ केली आणि दोन्ही पंख पूर्ण उघडले. लाल आणि काळे. दोन-तीन सेकंद धरून ठेवले आणि मिटले. शेजारच्याने तेच केलं. मग पलीकडच्याने.

फोटो नाही. नवऱ्याचा मोबाइल खिशात होता. सासरे दुर्बीण डोळ्याला लावून म्हणत होते, "अरे, अरे, अरे."

जेवायला गावातच चिलापी आणि भाकरी. चिरंजीवांच्या वहीत ४१.

---

क्लिकक्लिक | ११ मार्च, रात्री १०.३०

उभ्या उभ्या पंख उघडले? उडवल्याशिवाय?

---

पाणकावळा | ११ मार्च, रात्री १०.४५

हो. विणीच्या आधी थव्यात करतात, एकाचं बघून दुसरा. म्हणून म्हटलं होतं बसून बघा.

---

क्लिकक्लिक | ११ मार्च, रात्री १०.५५

भीमाकाठ, त्या दादांचा नंबर मलाही मिळेल का?

---

भीमाकाठ | १२ मार्च, सकाळी ६.२०

व्यनि बघा. आडदिवशी जा. त्यांना सांगितलंय, तुम्ही "जवळ घ्या" म्हणालात तर भाडं दुप्पट.

---

सदाशिवपेठी | १२ मार्च, सकाळी ८.००

आणि वॉरंटी नाही.